वाचकांचे प्रश्न : लहान तलाव, नवा गळ

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो आणि येत्या मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत आम्ही पती-पत्नी त्याच्याकडे राहणार आहोत. त्याच्या घराजवळ लहान लहान तलाव आहेत आणि तेथे क्रॅपी व वॉलाय हे मासे गळाने धरतात, असे तो सांगतो. लहानपणी बोरी नदीच्या डोहात बांबूच्या काठीने मी मासे धरले आहेत. रीळ मात्र कधी हाताळलेले नाही. नवशिक्याने सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : बोरीच्या डोहावर कमावलेला धीर तेथेही उपयोगी पडेल, हिसका देण्याची सवय मात्र येथेच ठेवून जावी लागेल. त्याचे कारण पुढे येईलच. आधी हे दोन मासे समजून घ्यावेत, कारण काठी, दोरी आणि आमिष यांची निवड माशाच्या स्वभावावरून ठरते. दुकानात शिरून आधी सामान घेणारा माणूस बहुधा नको त्या वस्तू घेऊन बाहेर पडतो.

क्रॅपी हा चपट्या अंगाचा, रुपेरी रंगावर काळे ठिपके असलेला लहान मासा आहे. त्याच्या काळा आणि पांढरा अशा दोन जाती आहेत आणि मिनेसोटाच्या स्वच्छ, वनस्पती असलेल्या तलावांत प्रामुख्याने काळा क्रॅपी आढळतो. तो थव्याने राहतो, पाण्यात बुडालेल्या फांद्या, लव्हाळी किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला अधांतरी थांबतो आणि त्याचे डोळे डोक्यावर वरच्या बाजूला असल्यामुळे वरून जाणारे भक्ष्य त्याला चटकन दिसते. म्हणून आमिष नेहमी त्याच्या थोडे वर ठेवावे. ते खाली गेले, तर तो सहसा त्याच्याकडे वळून पाहत नाही. वॉलायचे नेमके उलटे आहे. तो लांबट, सोनेरी-हिरवट अंगाचा, दातेरी जबड्याचा शिकारी मासा असून तळालगत वावरतो. शेपटीच्या खालच्या टोकावरचा पांढरा ठिपका ही त्याची सोपी खूण. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, तसाच जो आपल्या गाई-म्हशींच्या डोळ्यांत असतो आणि ज्यामुळे रात्री कंदिलाच्या उजेडात ते डोळे चमकतात. या थरामुळे अंधुक उजेडात वॉलायला दिसते आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. साहजिकच तो भर दुपारी खोल पाण्यात पडून राहतो आणि तिन्हीसांजेला काठाकडे सरकतो. 1965 पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे, यावरून त्या लोकांना त्याचे किती अप्रूप आहे हे कळावे.

आता आपल्या मुक्कामाचे दिनमान पाहू. तेथील तलावांवरचा बर्फ साधारणपणे एप्रिलमध्ये वितळतो आणि त्याच सुमारास वॉलाय खडकाळ, वाळूमिश्रित उथळ जागी अंडी घालतो. त्याला धरण्याचा हंगाम मेच्या मध्यास सुरू होतो, म्हणजे आपण पोहोचाल तेव्हा तो उघडलेला असेल किंवा उघडण्याच्या बेतात असेल. क्रॅपी मात्र राज्यातील बहुतेक तलावांत वर्षभर धरता येतो आणि त्याचा विणीचा काळ पाण्याचे तापमान 16 ते 20 अंश सेल्सिअस झाले म्हणजे येतो. मिनेसोटात तो मेच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत असतो. त्या दिवसांत तो काठालगतच्या लव्हाळ्यांत कमरेएवढ्या पाण्यात येतो आणि नवशिक्याला होडीशिवाय धरता येतो. माझे मत विचाराल, तर पहिला महिनाभर वॉलायचे नावही काढू नये. क्रॅपीवर हात बसवावा आणि मगच जूनच्या संध्याकाळी दुसऱ्याकडे वळावे.

सामान मोजकेच पुरते. साडेसहा फुटांच्या आसपासची हलकी काठी, तिच्यावर मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ आणि सहा पौंड ताकदीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, एवढ्यावर दोन्ही मासे धरता येतात. क्रॅपीसाठी एक ते दोन ग्रॅम वजनाचा जिग, म्हणजे शिशाचे डोके असलेला गळ, पाण्यावर तरंगणाऱ्या लहान बुचाखाली दीड-दोन हातांवर लावावा आणि त्याला बारीक मासा किंवा रबरी शेपटी जोडावी. वॉलायसाठी साडेतीन ग्रॅमच्या सुमाराचा जिग घेऊन तो तळाला टेकवत, हळूच उचलत, पुन्हा टेकवत आणावा. हे जमेपर्यंत त्याहून सोपा मार्ग असा, की दोरीवर सरकणारे बूच लावून जिवंत जळू तळापासून वीतभर वर राहील अशी सोडावी आणि सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास ते नंतर तासभर बसून राहावे. जळू आमिष म्हणून विकत मिळते, याचे आपल्याला नवल वाटेल. पण त्या भागात वॉलायसाठी तिच्याइतके खात्रीचे आमिष थोडेच. जागा निवडताना वाऱ्याचा विचार करावा. ज्या काठावर वारा लाटा आणून आपटतो, तेथे पाणी ढवळते, उजेड आत कमी शिरतो आणि बारीक जीव गोळा होतात. सोयीचा, निवाऱ्याचा काठ माणसाला आवडतो, वॉलायला नाही.

हिसक्याचे कारण आता सांगतो. बोरीत आपण मरळ धरला असेल, तर त्याच्या टणक जबड्यात गळ रुतवण्यासाठी काठीला जोराचा झटका द्यावा लागतो, हे आपल्या हाताला ठाऊक असेल. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि असा झटका दिला, की ती फाटून मासा सुटतो. बूच बुडाले किंवा आडवे झाले, तर काठी नुसती वर उचलावी, रीळ एका चालीने फिरवावे आणि काठाशी आलेला मासा जाळीच्या झोळीत घ्यावा. काही वेळा बूच बुडत नाही, उलट वर उचलले जाऊन आडवे पडते. माशाने खालून येऊन आमिष वर उचलल्याची ती खूण असते आणि नवखा माणूस तीच नेमकी सोडून देतो. वॉलाय हातात धरताना पाठीवरचे काटे, दात आणि कल्ल्यांच्या झाकणाची धार या तिन्हींपासून बोटे जपावीत.

नियमांबाबत तेथे ढिलाई चालत नाही. 16 वर्षे व त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो, तो बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही लागतो आणि थोड्या दिवसांचा परवानाही मिळतो. एका माणसाने किती मासे ठेवावेत आणि केवढ्या लांबीचे ठेवावेत याच्या मर्यादा जातीनुसार आणि काही ठिकाणी तलावानुसारही वेगळ्या असतात व त्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची सरकारी पुस्तिका मुलाकडून वाचून घ्यावी. उरलेले जिवंत आमिष तलावात ओतून देणे हा तेथे गुन्हा आहे, कारण एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात गेल्याने झालेली हानी त्यांनी पुष्कळ सोसली आहे.

चवीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. रोहू-कटल्याच्या मांसात रुतलेले बारीक काटे असतात, तसे वॉलायच्या मांसात नसतात. तेथील लोक त्याचे काप पिठात घोळवून तळतात. काळ्या मसाल्याच्या रश्शात तो कितपत टिकेल याची मला शंका आहे. त्या रश्शासाठी आणि कळण्याच्या भाकरीसाठी परत आल्यावर आपला मरळच बरा.

प्रश्न : मी धुळ्यात महाविद्यालयात शिकतो. व्हिडिओ पाहून रॉड, रीळ आणि चमकणारी धातूची व रबरी आमिषे मागवली. आमच्याकडच्या तलावांत रोहू आणि कटला भरपूर आहेत असे म्हणतात. पण पुष्कळदा बसूनही एकही मासा लागला नाही. सामानात दोष आहे का? आणि तलावावर गळ टाकायला परवानगी लागते का?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : सामानात दोष नाही, ते वेगळ्या माशासाठी आहे. पळणाऱ्या भक्ष्याचा पाठलाग करणाऱ्या शिकारी माशाला चकवण्यासाठी चमकी आणि रबरी मासोळी असते. वरच्या उत्तरातील वॉलाय हा तसा मासा. रोहू, कटला आणि मृगळ हे शिकारी नाहीत. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाचा गाळ व कुजलेला पाला चाळतो. यांच्यापुढून चांदीचा तुकडा फिरवला, तरी ते तोंड उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी कणीक किंवा भाजलेल्या शेंगदाण्याच्या पेंडेची घट्ट मळलेली गोळी हवी, 8 किंवा 10 क्रमांकाचा लहान गळ हवा (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, हे खरेदी करताना ध्यानात ठेवा) आणि जेथे बसायचे तेथे आधी मूठभर पेंड पाण्यात टाकून मासे जमवण्याचा धीर हवा. सुगंधी आमिषांची महागडी पाकिटे मिळतात. मला त्यांची गरज कधी पटलेली नाही.

मागवलेली आमिषे फुकट गेली असे समजू नका. मरळ त्यांच्यावर येतो. मरळाला हवेतून श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि तेव्हा पाण्यावर उमटणारे वर्तुळ त्याचा ठावठिकाणा सांगते. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींच्या बुंध्यांजवळ किंवा पाणवनस्पतींच्या कडेला असे वर्तुळ दिसले, तर त्याच्या पलीकडे रबरी बेडूक टाकून हळूहळू अलीकडे आणा. पावसाळ्याच्या तोंडी आणि पावसाळ्यात मात्र एक पाहा : पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा थवा वळवळताना दिसला, की त्याच्याखाली मरळाची जोडी राखणीला असते. राखणीचा मरळ चवताळून कशावरही तुटून पडतो, त्यामुळे त्याला धरणे अगदी सोपे असते. पण तो गेला, की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. अशा थव्यावर गळ टाकू नये.

परवानगीचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरे झाले, कारण पुष्कळजण तो विचारतच नाहीत. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तलावात सहसा घालत नाहीत. कटकच्या संशोधन केंद्रातील हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन घडवून आणले आणि त्यानंतरच तलावांसाठी हमखास बीज मिळू लागले. म्हणजे तुमच्यासमोरच्या तलावात जे रोहू-कटले आहेत, ते बहुधा कुणीतरी पैसे मोजून सोडलेल्या बोटुकलीतून, म्हणजे बोटभर पिल्लांतून, वाढलेले आहेत. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना देतो आणि त्या संस्थांतील भोई, कोळी, भिल्ल कुटुंबांचा संसार त्या माशांवर चालतो. उभ्या कपाशीतून बोंडे वेचून नेणे आणि विनापरवानगी ते मासे नेणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. तेव्हा आधी संस्थेच्या माणसांना भेटा. तलाव गावचा असेल, तर ग्रामपंचायतीत विचारा. छंदासाठी एका काठीने बसणाऱ्या, ठरलेली रक्कम देणाऱ्या मुलाला अनेक ठिकाणी अडवत नाहीत आणि मासा कोठे बसतो हेही तीच मंडळी सर्वांत चांगले सांगू शकतात. नकाणे आणि डेडरगाव या तलावांतून धुळे शहराला पिण्याचे पाणी मिळते, म्हणून तेथे पाण्याची मालकी असलेल्या यंत्रणेची संमती वेगळी लागेल हे गृहीत धरा आणि आमिषाचा उष्टा कचरा काठावर ठेवू नका. शिरपूरकडचे अनेर धरण अभयारण्यात येते, तेथे वनविभागाला विचारल्याशिवाय काठी उघडूही नये. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे हा 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे, तरी तसे करणारे भेटतात. त्यांच्या शेजारी उभे राहू नका.

प्रश्न : आमच्या नातेवाइकांच्या केळीच्या मळ्यात शेततळे आहे आणि त्यात मासे सोडलेले आहेत. सुट्टीत माझ्या दोन मुलांना, वय नऊ आणि बारा, तेथे गळ टाकायला शिकवावे असा विचार आहे. तलावापेक्षा ते सुरक्षित ठरेल ना?
– एक शिक्षिका, शहादा

उत्तर : नाही, ताई. दिसायला शेततळे लहान, चौकोनी आणि शांत असते, त्यामुळे ते सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात मुलांसाठी साध्या गावतलावापेक्षा ते अधिक धोक्याचे आहे. आत अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला, की त्यावर शेवाळ धरते, उतार तीव्र असतो आणि आत घसरलेल्या माणसाला धरायला काहीच सापडत नाही. पट्टीचे पोहणारेही अशा तळ्यांत बुडाले आहेत आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही त्यांच्याबरोबर गेला आहे. तेथेच शिकवायचे असेल, तर तळ्याला कुंपण असावे, काठावरच्या खांबाला बांधलेला गाठींचा दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा, हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी आणि मुलांनी उताराच्या कडेवर न येता मागच्या सपाट बांधावर बसूनच गळ टाकावा. दोन्ही मुलांवर मिळून एक मोठे माणूस पुरेसे नाही.

आणखी एक गोष्ट तळ्याच्या मालकाच्या बाजूने. गळ तळाला गेला आणि ओढताना कागदाला लागला, तर छिद्र पडते आणि उन्हाळ्यासाठी राखलेले पाणी झिरपून जाते. म्हणून बूच लावून आमिष तळापासून हातभर तरी वर ठेवावे, शिसे अगदी हलके वापरावे आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. तो सपाट केल्याने मुलाच्या बोटात गळ शिरलाच, तर सहज निघतोही.

मुलांसाठी रीळ नको. आठ-नऊ फुटांची बांबूची काठी, तेवढाच लांब तंगूस, ज्वारीच्या धाटाच्या भेंडाचे बूच आणि गांडुळाचा तुकडा एवढ्यावर चिलापी लागते आणि मुलांना बूच वाचायला शिकवण्यासाठी तिच्यापेक्षा चांगली गुरू नाही. मोझांबिक जातीची ही चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि आता कित्येक तलावांत ती नकोइतकी झाली आहे, तेव्हा मुलांनी चार धरून नेल्या, तर मालक रागावण्याची शक्यता कमी. तिच्या पाठीवरचे काटे टोचतात. धरताना तळहात डोक्याकडून शेपटीकडे फिरवून काटे खाली दाबावेत, हे आधी तुम्ही स्वतः करून दाखवा.

प्रश्न : मे महिन्यात पहाटे पाचला जाऊन बसतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढताना दिसतात, तरी एकही आमिषाला तोंड लावत नाही. असे का?
– एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : ते खाण्यासाठी वर आलेले नसून श्वासासाठी आलेले असतात. 15 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 10 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. त्यातच शेवाळाने हिरवे झालेले पाणी असेल, तर दिवसा तेच शेवाळ प्राणवायू तयार करते आणि रात्रभर तेच तो वापरते. परिणामी सूर्योदयाच्या आधीची वेळ ही माशांसाठी सर्वांत कठीण असते. तुम्ही जाता ती नेमकी तीच वेळ आहे. हिरव्या पाण्याच्या लहान तलावावर ऊन वर येऊन दीड-दोन तास झाल्यावर किंवा संध्याकाळी उन्हाचा ताव उतरल्यावर बसून पाहा. पाणी स्वच्छ आणि खोल असेल, हतनूरच्या जलाशयासारखे मोठे असेल, तर पहाटेची वेळ चालते. पण तेथे मासा काठापासून दूर, जुन्या नदीपात्राच्या खोलगटीत असतो आणि लहान काठी तेथवर पोहोचत नाही.

मिनेसोटाच्या उत्तरात वाऱ्याविषयी लिहिले आहे, ते येथेही लागू पडते. मेमध्ये साक्रीकडच्या पवनचक्क्या फिरवणारा पश्चिमेचा वारा तलावावरून वाहतो, तेव्हा पूर्वेच्या काठावर लाटा येतात, पाण्यात हवा मिसळते आणि मासा तिकडे सरकतो. तो काठ उन्हाचा आणि गैरसोयीचा असतो, त्यामुळे तेथे बसायला जागाही मिळते. रात्री बसण्याची तयारी असेल, तर तळाला गांडूळ किंवा माशाचा तुकडा सोडून शिंगाडा या माशाची वाट पाहता येईल. मिशांच्या साहाय्याने अंधारात अन्न शोधणारा हा मासा उन्हाळ्यातही खातो. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांतला काटा खोल जखम करतो, म्हणून गळ काढायला पकड वापरावी.

तुमच्या पत्रात शेवटी असेही विचारले आहे, की मासा धरून परत सोडला तर चालेल का. थंडीत चालेल, हात ओले करून धरला आणि पाण्याबाहेर फार वेळ ठेवला नाही तर. मेमध्ये गरम पाण्यात दमलेला मासा पोहत गेलेला दिसला, तरी पुष्कळदा नंतर मरतो. तेव्हा त्या महिन्यात खाण्यापुरते धरावेत आणि काठी गुंडाळावी. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला आणि दरवाजे उघडू लागले, की हतनूरच्या खालच्या पात्रात उतरू नये. धरणाला 41 दरवाजे आहेत आणि पाणी वाढते ते खाली उभ्या असलेल्या माणसाला विचारून नव्हे.